बीट अंमलदाराचं शहर

तालुक्याच्या गावात पोलीस लोकांना दिसतो तो बहुधा बंदोबस्ताला उभा असलेला. गणपतीच्या मिरवणुकीत, आठवडी बाजारात, मतदान केंद्रावर, मंत्र्यांचा ताफा जायचा असला की चौकात. त्याच्या कामाचा सर्वांत जुना आणि रोज न चुकता होणारा भाग मात्र बहुतेकांच्या नजरेआड राहतो. तो म्हणजे गस्त. रात्री अकराच्या सुमारास निघून पहाटे पाचपर्यंत चालणारी ही गस्त लोकांना आठवते ती चोरी झाल्यावर, ‘पोलीस काय झोपा काढत होते का’ असं विचारताना. महाराष्ट्रातल्या लहान शहरांत हे काम करणारे शिपाई आणि हवालदार नेमकं काय करतात, त्यांना ते कोण शिकवतं आणि गस्तीचा खरोखर उपयोग किती होतो, हे सगळं समजून घेण्यासारखं आहे. माझं मत आधीच सांगतो. गस्तीची खरी ताकद त्या माणसाला आपलं गाव किती ठाऊक आहे यात असते, आणि ते ठाऊक व्हायला लागणारा वेळच आपण त्याच्याकडून काढून घेत आलो आहोत.

लाखभर वस्तीच्या शहराला साधारणपणे एक शहर पोलीस ठाणं असतं आणि भोवतालच्या खेड्यांसाठी दुसरं, तालुका किंवा ग्रामीण ठाणं. ठाण्याचा प्रमुख पोलीस निरीक्षक. ठाण्याची हद्द बीटांमध्ये वाटलेली असते आणि प्रत्येक बीट एका हवालदाराच्या किंवा सहायक फौजदाराच्या नावावर असतं, हाताखाली एखाद-दोन शिपाई. हाच बीट अंमलदार. त्याच्या भागातली समन्स-वॉरंटं बजावायची, आलेल्या अर्जांची चौकशी करायची, पासपोर्टची आणि नोकरीसाठीची चारित्र्य पडताळणी करायची, तडीपार केलेला माणूस गुपचूप परत आला नाही ना हे पाहायचं, गणेश मंडळांच्या पोरांशी मिरवणुकीचा मार्ग ठरवायचा, दोन भावांच्या बांधाच्या किंवा भिंतीच्या भांडणात डोकी फुटण्याआधी पोचायचं. हवालदार झाला की छोट्यामोठ्या गुन्ह्यांचा तपासही गळ्यात येतो. हे सगळं दिवसाचं. रात्रीची पाळी आली की हाच माणूस गस्तीला निघतो.

कायद्याने त्याच्याकडून काय मागितलं आहे ते पाहिलं की या कामाचा आवाका लक्षात येतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम हा 1951 सालचा. त्याच्या कलम 28 नुसार पोलीस कायमच कामावर आहे असं मानलं जातं. सुट्टीच्या दिवशी बाजारात भाजी घेत असतानाही. कलम 64 मध्ये गुन्हे रोखणं, माहिती मिळवणं, आरोपींना कायद्यासमोर आणणं ही अपेक्षित कर्तव्यं आहेत. कलम 66 मात्र मला फार महत्त्वाचं वाटतं आणि त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही. रस्त्यावर सापडलेल्या अपंग किंवा असहाय माणसाला शक्य ती मदत करणं, नशेत असलेल्या किंवा भान हरपलेल्या, स्वतःला सांभाळू न शकणाऱ्या माणसाला ताब्यात घेऊन जपणं, अटकेतल्या जखमी किंवा आजारी माणसाच्या उपचारांची सोय करणं, हे त्या कलमात पोलिसाचं कर्तव्य म्हणून लिहून ठेवलं आहे. रात्री दोन वाजता एसटी स्टँडवर बसलेल्या, घरचा पत्ता विसरलेल्या आजोबांजवळ जाऊन ‘आजोबा, कुठल्या गावाला जायचंय?’ असं विचारणारा शिपाई त्यांच्यावर मेहरबानी करत नसतो, कायद्याने सोपवलेलं काम करत असतो. घरातून निघून आलेलं अल्पवयीन मूल सापडलं तर बाल न्याय अधिनियमानुसार चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. रात्री स्टँडवर एकट्या बसलेल्या पोरीला कुणी गाठण्याआधी गस्तीचा माणूस तिच्यापर्यंत पोचला, तर पुढचं फार मोठं दुःख टळतं. अशा टळलेल्या गोष्टी कुठल्याच तक्त्यात येत नाहीत.

गस्तीला निघालेला अनुभवी हवालदार पाहतो काय? प्रत्येक शहराची रात्र वेगळी असते, हे इथे आधी ध्यानात घ्यायला हवं. इचलकरंजीत यंत्रमाग रात्रपाळीतही चालतात. तिथे मध्यरात्रीनंतर डबा घेऊन सायकलवरून जाणारा माणूस ही रोजची गोष्ट, आणि एखाद्या भागातले माग अचानक बंद पडले तरच कान टवकारायचे. लासलगावला कांद्याच्या हंगामात लिलावासाठी ट्रॅक्टर रात्रीपासूनच रांगेत लागतात. शेतकरी गाडीखाली पटकूर टाकून झोपतात आणि त्यांच्या खिशावर, डिझेलवर, बॅटरीवर डोळा ठेवणारे त्याच रांगेतून फिरतात. पंढरपूरला आषाढीच्या आदल्या रात्री चंद्रभागेचं वाळवंट झोपत नाही. तिथला गस्तीचा शिपाई चोरापेक्षा जास्त वेळ चुकलेल्या माणसांना त्यांच्या दिंडीपर्यंत पोचवण्यात घालवतो. शांत बाजारपेठेच्या गावातून आलेला हवालदार पहिल्या महिन्यात यांपैकी कुठेही चाचपडणारच. कोणती हालचाल नेहमीची आणि कोणती वावगी, याचं गणित त्याला त्या गावात नव्याने बसवावं लागतं.

बाजारपेठेतून जाताना गाडीच्या खिडकीतून टॉर्च मारला तर शटरं सगळी बंदच दिसतात. खाली उतरून कुलूप हाताने ओढून पाहिलं तरच ते नुसतं अडकवलेलं आहे की लागलेलं आहे हे कळतं. शटर मधोमध उचकटलं असेल तर खालची पट्टी किंचित वाकलेली असते आणि पायरीवर रंगाचे पोपडे पडलेले असतात. सराफ कट्ट्यावर पुढच्या दारापेक्षा मागच्या बोळाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, कारण भिंत फोडायची ती मागून. एटीएमच्या खोलीत कॅमेऱ्याच्या भिंगावर रंग फवारलेला दिसला तर पुढचा प्रकार घडून गेला आहे किंवा घडायचा आहे. बंगल्यांच्या कॉलनीत दारात दोन दिवसांची वर्तमानपत्रं पडलेली असतील तर घर रिकामं आहे हे चोरालाही वाचता येतं. म्हणून जाणता बीट अंमलदार शेजाऱ्याला सांगून ठेवतो, की कुळकर्णी गावाला गेलेत तोवर पेपर तुम्ही उचलत जा. रस्त्याकडेला लावलेल्या अनोळखी गाडीच्या बॉनेटवर तो हात ठेवून पाहतो. गरम असेल तर ती आत्ताच आली आहे. कुत्री कुठल्या गल्लीत भुंकतात, कुठल्या माणसावर भुंकत नाहीत, हेही त्याला माहीत असतं. पहाटे तीन ते चार ही वेळ त्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक. राखणदार पेंगलेला, गस्तीवाल्याचे स्वतःचेही डोळे जड झालेले, आणि दूधवाले व पेपरवाले अजून बाहेर पडलेले नाहीत.

पूर्वी बँका, सराफी दुकानं, देवळं यांच्या दारात गस्तीची वही टांगलेली असायची आणि हवालदार वेळ घालून सही करायचा. आता बऱ्याच शहरांत त्या जागी क्यूआर कोड चिकटवलेले आहेत. मोबाइलने कोड टिपला की वेळ आणि ठिकाण थेट वरिष्ठांपर्यंत जातं. त्यामुळे चार सह्या एकदम करून टाकण्याची सोय संपली, हे चांगलंच झालं. पण वीस कोड टिपायचे ठरले की माणूस कोडमागे धावतो आणि दोन कोडांमधली गल्ली तशीच राहते. तो तिथे गेला होता याची नोंद यंत्राकडे आहे. तिथे त्याने काय पाहिलं, हे मात्र त्यालाच विचारावं लागतं, आणि ते कुणी विचारतं असं फारसं दिसत नाही.

गस्तीचं दुसरं अंग म्हणजे 112. हा क्रमांक फिरवला की फोन आधी राज्याच्या मध्यवर्ती केंद्रात जातो, तिथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि मग घटनास्थळाच्या जवळ असलेल्या गाडीतल्या पडद्यावर. शिपायाने निरोप मिळाल्याचं कळवलं की घड्याळ सुरू. चोर-दरोडेखोरांचे फोन त्यात कमीच. दारू पिऊन घातलेला गोंधळ, लाउडस्पीकर, पार्किंगवरून हमरीतुमरी आणि घरातली भांडणं, हे रोजचं.

यातल्या घरगुती भांडणाच्या फोनवर जरा थांबतो, कारण गस्तीच्या माणसाचा कस तिथेच लागतो. रात्री बारा वाजता दोन खोल्यांच्या घरात तो शिरतो तेव्हा नवरा दारू प्यायलेला असतो, बायकोचा ओठ फुटलेला, सासू मध्येच बोलत असते, पोरं भिंतीला चिकटून उभी. जाणता हवालदार सगळ्यांत आधी दोघांना वेगळं करतो, एकाला ओट्यावर, एकाला आतल्या खोलीत. स्वयंपाकघरात मात्र कुणालाच उभं राहू देत नाही, कारण तिथे विळी आणि सुरी हाताशी असते. बोलताना तोंडाकडे पाहत असला तरी त्याचं लक्ष समोरच्याच्या हातांवर असतं. बाईशी तो नवऱ्याच्या कानाआड बोलतो. घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा 2005 सालचा कायदा त्याला इथे काही गोष्टी तिला सांगायला बांधून घालतो: न्यायालयाकडून संरक्षणाचा आदेश मागता येतो, संरक्षण अधिकाऱ्याची मदत मिळते, मोफत वकील मिळू शकतो आणि फौजदारी तक्रारही देता येते. ‘नवरा-बायकोचं आहे, मिटवून घ्या’ म्हणून पाच मिनिटांत निघून येणं सोपं असतं. पडद्यावर फोन निकाली निघाल्याचं तेवढ्यानेही दिसतं. त्या बाईच्या दृष्टीने मात्र पोलीस येऊन गेले आणि काहीच झालं नाही, हा पुढच्या मारहाणीला मिळालेला परवाना ठरतो.

गुन्हा घडून गेलेला असेल तर पहिला अर्धा तास गस्तीवाल्याच्या हातात असतो. तपास अधिकारी मागून येतो, ठसेतज्ज्ञ आणि श्वानपथक जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघालेलं असतं. तोवर दुकानात दहा माणसं आत-बाहेर करून गेली तर शटरवरचे ठसे गेले, पायरीवरचं चिखलाचं पाऊल गेलं, कुत्र्याला द्यायचा वासही गेला. पहिल्या शिपायाने करायचं एवढंच असतं: कुणाला आत सोडायचं नाही, स्वतः कशाला हात लावायचा नाही, आणि कोण कोण आधीच आत जाऊन आलं त्यांची नावं लिहून ठेवायची. मालकालाच त्याच्या दुकानाबाहेर थांबवणं किती अवघड आहे, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा भाग आणखी महत्त्वाचा बनला. झडती आणि जप्तीचं आता चित्रीकरण करावं लागतं; त्यासाठी ई-साक्ष्य हे अॅप पोलिसाच्या मोबाइलमध्ये असतं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यावं अशी तरतूद झाली. हद्दीचा वाद न घालता कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, आणि ऑनलाइन दिलेल्या तक्रारीवर तीन दिवसांत सही केली की ती नोंदली जाते. अटकेचे नियमही स्पष्ट आहेत. अटक करणाऱ्याच्या छातीवर वाचता येईल अशी नावाची पट्टी हवी, अटकेचा पंचनामा साक्षीदारासमोर हवा, नातेवाइकाला कळवायला हवं, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करायला हवं. यातलं बरंचसं डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1990च्या दशकातच सांगितलं होतं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी स्त्रीला अटक करायची नाही. अगदीच अपवादात्मक प्रसंग असेल तर महिला पोलीस अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी, दोन्ही लागतात. रात्रगस्तीच्या शिपायाला हे तोंडपाठच असावं लागतं, कारण त्या वेळी पुस्तक उघडून पाहायला सवड नसते.

मग हे सगळं तो शिकतो कुठे? भरतीपासून सुरुवात करू. पोलीस शिपाई व्हायला बारावी उत्तीर्ण असावं लागतं. मैदानी चाचणी 50 गुणांची: पुरुषांना 1600 मीटर, स्त्रियांना 800 मीटर धावणं, शिवाय दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक. 1600 मीटरचे पूर्ण 20 गुण मिळवायला पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत यावं लागतं. त्यासाठी गावोगावची पोरंपोरी पहाटे चारला रस्त्यावर धावताना दिसतात, आणि त्यांच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यानंतर 100 गुणांची लेखी परीक्षा: अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण. भांबावलेल्या माणसाशी नीट बोलता येतं का, पाहिलेलं जसंच्या तसं सांगता येतं का, हे तपासणारं या निवडीत काहीच नाही.

निवड झालेल्या उमेदवारांचं मूलभूत प्रशिक्षण नऊ महिन्यांचं असा परिपाठ राज्यात रुळलेला आहे. त्यासाठी खंडाळा, जालना, अकोला, सोलापूर, नागपूर, लातूरजवळचं बाभळगाव, सांगली जिल्ह्यातलं तुरची अशा ठिकाणी प्रशिक्षण केंद्रं आहेत. थेट भरतीचे उपनिरीक्षक नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत जातात. ही संस्था 1906 साली पुण्याजवळ भांबुर्ड्याला सुरू झाली आणि 1909 मध्ये नाशिकला आली. शिपायांच्या केंद्रात दिवसाचे दोन भाग पडतात. बाह्यवर्गात पीटी, कवायत, लाठी, शस्त्र खोलणं-जोडणं, गोळीबाराचा सराव, जमाव पांगवण्याचा सराव. आंतरवर्गात कायदा, पंचनामा, ठाण्यातल्या नोंदवह्या, प्रथमोपचार, संगणक. शरीर घडतं, शिस्त येते, आदेश पाळण्याची सवय हाडीमाशी खिळते. जमावासमोर वीस जणांनी एकाच वेळी एकच हालचाल करायची असते, तिथे हीच शिस्त माणसं मरण्यापासून वाचवते. गस्तीचं काम याच्या नेमकं उलट्या बाजूचं आहे. तिथे शिपाई एकटा किंवा जोडीने असतो, आदेश द्यायला कुणी नसतं, आणि अर्ध्या मिनिटात त्याला स्वतःच ठरवावं लागतं.

ही बाजू त्याला पुढे ठाण्यात शिकायला मिळते, तीही जुना हवालदार चांगला भेटला तर. नव्या शिपायाला पंचनामा लिहायला बसवून ‘दुकानाच्या पूर्वेस काय आहे ते कुठं लिहिलंस?’ असं विचारणारा, चतुःसीमा, कुलपाची कंपनी, तुटलेल्या कडीची लांबी हे सगळं लिहायला लावणारा. फिर्याद फिर्यादीच्या शब्दांत उतरवायला लावणारा, ठाणे दैनंदिनीत निघाल्याची आणि परतल्याची वेळ मिनिटावर टाकायला लावणारा. अशा माणसाच्या हाताखाली वर्ष काढलेला शिपाई आणि नुसती बंदोबस्तात वर्षं काढलेला शिपाई यांच्यातला फरक त्यांच्या पहिल्याच पंचनाम्यात दिसतो. ही शिकवणी मात्र नशिबावर सोडलेली आहे. कोण कुणाच्या हाताखाली लागेल, हे त्या दिवशीच्या ड्युटी वाटपावर ठरतं.

गस्तीने गुन्हे कमी होतात का, या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध शोध अमेरिकेत घेतला गेला, आणि त्याची उत्तरं आपल्यालाही उपयोगी आहेत. 1972-73 मध्ये कॅन्सस सिटीच्या पोलिसांनी 15 बीटं घेतली. पाचांमधली नेहमीची गाडीची गस्त बंद केली, पाचांमध्ये ती दुप्पट-तिप्पट केली, पाच होती तशी ठेवली. वर्षभरानंतर गुन्ह्यांच्या प्रमाणात उल्लेखनीय फरक आढळला नाही. गस्त कमी झाली की वाढली, हे लोकांच्याही लक्षात आलं नाही. न्यूअर्क शहरात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पायी गस्तीचा अभ्यास झाला. तिथेही गुन्हे फारसे घटले नाहीत, पण लोकांना वाटणारी भीती कमी झाली आणि पोलिसांबद्दलचं मत सुधारलं. पुढे 2009 मध्ये फिलाडेल्फियात, ज्या चौकांत मारामाऱ्या आणि गोळीबार जास्त होत तेवढ्याच साठ ठिकाणी उन्हाळाभर पायी गस्त ठेवली, आणि हिंसक गुन्हे 23 टक्क्यांनी घटले. यावरून एवढं दिसतं की गाडी सगळीकडे सारखी फिरवत राहण्यात फारसा अर्थ नाही. नेमक्या जागी, पायी आणि थांबून केलेली गस्त गुण देते. मिनिआपोलिसच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात तर अशा ठिकाणी दहा ते पंधरा मिनिटं थांबणं सर्वांत परिणामकारक ठरलं. आपला चांगला बीट अंमलदार कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेताना तेवढाच वेळ थांबतो आणि त्या वेळात पाच माणसांशी बोलतो. कुणी ते वेळ घालवणं समजत असेल तर त्याने हे अभ्यास वाचावेत.

नेमकी जागा ठरवायची म्हटलं की नेमकी माणसंही ठरवली जातात, आणि इथे या कामाची सर्वांत दुखरी बाजू सुरू होते. रात्री हटकायचं कुणाला? पोलीस अधिनियमाचं कलम 122 सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान वाईट हेतूने चेहरा झाकून फिरणाऱ्यावर, घरफोडीची हत्यारं बाळगणाऱ्यावर, कुणाच्या घरात समाधानकारक कारण न सांगता सापडणाऱ्यावर कारवाईचा अधिकार देतं. त्यात जातीचा, कपड्यांचा, वस्तीचा उल्लेख कुठेही नाही. पण 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आपल्याकडे सबंध जमातींनाच जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्यांना काटेरी कुंपणाच्या वसाहतींत कोंडलं, रोज हजेरी द्यायला लावली. सोलापूरची सेटलमेंट त्याची साक्ष आहे. स्वातंत्र्यानंतर, 1952 साली हा कायदा देशभरातून गेला आणि त्या जमाती विमुक्त झाल्या. संशयाची सवय मात्र गेली नाही. गावात घरफोडी झाली की पारध्याच्या पालावर आधी धाड, हे आजही घडतं. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन 1987 साली आलं. पालावर येणारी पोलिसाची चाहूल झोपडीच्या आतून कशी ऐकू येते, हे ज्यांना जाणून घ्यायचंय त्यांनी ते वाचावं. माझ्या मते प्रत्येक प्रशिक्षण केंद्रात ते वाचून घ्यायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये खरक सिंग खटल्यात, पाळतीवर असलेल्या माणसाच्या घरी रात्री-अपरात्री जाऊन तपासण्याची उत्तर प्रदेश पोलिसांच्या नियमातली तरतूद घटनाबाह्य ठरवली. रेकॉर्डवरच्या गुन्हेगाराच्या दारालाही एक उंबरठा असतो, असं त्या निकालाने सांगितलं. जातीवरून संशय घेणारा हवालदार अन्याय तर करतोच, शिवाय आपलं कामही बिघडवतो. ज्या वस्तीत पोलीस आला की माणसं पळतात, त्या वस्तीतून त्याला एकही खरी बातमी मिळत नाही.

याच्या उलट काय करता येतं हे भिवंडीने दाखवलं. यंत्रमागांच्या या शहरात 1970 मध्ये आणि पुन्हा 1984 मध्ये भीषण दंगली झाल्या होत्या. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुसलमान रहिवासी एकाच समितीत, आणि त्यांच्याशी नियमित बोलणारे पोलीस. पुढाऱ्यांना बोलावून शांततेचं आवाहन करण्याची नेहमीची बैठक ही नव्हती. नळाचं पाणी, गटार, पोरांची भांडणं असं काहीही तिथे निघायचं, आणि त्या निमित्ताने पोलीस आणि मोहल्ला एकमेकांना ओळखू लागले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडीत दंगल झाली नाही. अफवा आली की ती खरी आहे का हे विचारायला लोकांकडे नाव ठाऊक असलेला पोलीस होता, आणि पोलिसाकडे नाव ठाऊक असलेला रहिवासी. वर्षानुवर्षं कंटाळवाण्या वाटणाऱ्या बैठकांतून जमा झालेली ओळख त्या दिवसांत कामी आली.

अशी ओळख व्हायला माणूस त्या जागी असावा लागतो. आज बीट अंमलदाराचं वेळापत्रक पाहिलं तर गणपती, नवरात्र, ईद, जयंत्या, मोर्चे, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे यांत त्याचे कितीतरी आठवडे बीटाबाहेर जातात. रात्रगस्त करून सकाळी घरी गेलेल्या माणसाला दुपारी बंदोबस्ताला बोलावलं जातं. मुंबईतल्या देवनार पोलीस ठाण्यात 2016 साली आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला आणि तो करता येतो हे दिसलं, तरी लहान शहरांतल्या ठाण्यांत मनुष्यबळ कमी असल्याने बारा-चौदा तास ही नित्याचीच गोष्ट राहिली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये प्रकाश सिंग खटल्यात तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची पथकं वेगळी करायला सांगितलं, त्यामागे हीच अडचण होती. एकच माणूस सगळीकडे ओढला गेला की तपास मागे पडतो. गस्तीचंही तसंच आहे, फक्त तिची कुणी दाद मागत नाही.

शेवटी बदलीचा प्रश्न. एका ठाण्यात ठरावीक वर्षं झाली की बदली व्हावी हे हितसंबंध टाळण्यासाठी योग्यच आहे. पण बीट अंमलदार बदलतो तेव्हा सोपवला जातो तो मुद्देमाल, प्रलंबित अर्जांची यादी आणि न बजावलेली समन्सं. कुठल्या बोळात दिवा नाही, कुठल्या म्हातारीचा मुलगा तिला मारतो आणि ती सांगत नाही, कुठला पोरगा चोऱ्या सोडून गॅरेजमध्ये लागलाय आणि त्याला उगाच ठाण्यात बोलावू नये, हे लिहायला कोणत्याही वहीत रकाना नाही. निदान पंधरा दिवस जुन्या आणि नव्या अंमलदाराने जोडीने गस्त घालावी, पायी, दिवसा आणि रात्रीही, आणि त्या पंधरा दिवसांत दोघांपैकी कुणालाही बंदोबस्ताला काढू नये. याला नवं वाहन लागत नाही, यंत्रही लागत नाही. पोलीस अधीक्षकांनी मनावर घेतलं तर पुढच्याच बदल्यांपासून आपल्या जिल्ह्यात ते सुरू करता येईल.